शीतगृहातले दोन सर्व्हर, दोन स्विच: व्हर्च्युअल स्विचचे फेलओव्हर बसवतानाच्या नोंदी

२ जून, रत्नागिरी

मासेमारीबंदी कालपासून लागली. ३१ जुलैपर्यंत मिरकरवाड्याच्या होड्या बंदरात उभ्या, म्हणजे शीतगृहात नवा माल जवळजवळ नाही. वजनकाटा, बारकोड, तापमाननोंद हे सगळे दिवसातून तासभर बंद ठेवले तरी चालते. ऑगस्टमध्ये पाच मिनिटेही मिळत नाहीत, माल काट्यावर अडून राहतो आणि बर्फ वितळत असतो. म्हणून फेलओव्हरचे (एक वाट तुटली की आपोआप दुसरीवर जाण्याचे) हे काम आताच.

कामाचे कारण: मे महिन्यात एक स्विच जळला आणि दोन्ही सर्व्हर आंधळे झाले. प्रत्येक सर्व्हरला दोन केबल होत्या, दोन्ही नेटवर्क पोर्ट ‘ॲक्टिव्ह’ होते, पण दोन्ही केबल त्याच एका स्विचमध्ये. दोन्ही पोर्ट मदरबोर्डवरच्या एकाच चिपचे. कागदावर जोडी, प्रत्यक्षात एकच दोरी.

आता हातात आहे ते: ईएसएक्सआय (एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशिन, म्हणजे सॉफ्टवेअरमधले संगणक, चालवणारी प्रणाली) चालणारे दोन होस्ट (सर्व्हर), प्रत्येकात मदरबोर्डवरचे दोन पोर्ट (निक, म्हणजे नेटवर्क पोर्ट, ० आणि १) व नवीन बसवलेल्या दोन पोर्टच्या कार्डाचे दोन (निक २ आणि ३), सगळे एक गिगाबिटचे. २४ पोर्टचे दोन मॅनेज्ड स्विच, यापुढे अ आणि ब. हे स्विच स्टॅक होत नाहीत (दोन मिळून एकच स्विच म्हणून चालत नाहीत), ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली. डिस्ट्रिब्युटेड स्विचचा (सगळ्या होस्टांना मिळून एक व्हर्च्युअल स्विच) परवाना नाही, सगळे स्टँडर्ड व्हर्च्युअल स्विचवर (एका होस्टच्या आतला, सॉफ्टवेअरचा स्विच) करायचे.

आजचा वेळ गेला तो कुठला पोर्ट कुठला हे ओळखण्यात. सर्व्हरच्या पाठीवरचा क्रम आणि ईएसएक्सआयने दिलेले क्रमांक जुळत नव्हते. पाठीवर डावीकडून पहिला पोर्ट सॉफ्टवेअरमध्ये निक १ निघाला. समोरच्या स्विचकडून माहिती घ्यावी म्हटले तर शेजारच्या उपकरणाची ओळख सांगणाऱ्या दोन भाषांपैकी स्टँडर्ड स्विचला सीडीपी कळते, एलएलडीपी कळत नाही, आणि आपले स्विच फक्त एलएलडीपी बोलतात. शेवटी एकेक केबल काढून पडद्यावर कुठली लिंक पडते ते बघितले आणि दोन्ही टोकांना चिठ्ठ्या लावल्या. चार तास. केबल टाकण्याआधी हे केले असते तर अर्ध्या तासाचे काम होते.

३ जून

आराखडा ठरला.

निक ० स्विच अ मध्ये, निक २ स्विच ब मध्ये: ही जोडी मॅनेजमेंट (होस्ट हाताळण्याचा संपर्क), व्हीमोशन (चालू मशीन एका होस्टवरून दुसऱ्यावर नेणे) आणि व्हर्च्युअल मशिनसाठी. निक १ अ मध्ये, निक ३ ब मध्ये: ही जोडी फक्त स्टोरेजसाठी. प्रत्येक जोडीत एक पोर्ट मदरबोर्डचा, एक कार्डाचा, आणि दोन्ही वेगळ्या स्विचमध्ये. कार्ड मेले किंवा स्विच मेला, जोडीतला एक उरतोच. ० आणि १ ची जोडी करण्याचा मोह होतो कारण ते शेजारी असतात, तो टाळावा.

भार वाटपाची पद्धत: ‘ओरिजिनेटिंग व्हर्च्युअल पोर्ट’, म्हणजे जी मुळात असते तीच. इथे एक गैरसमज आधीच मोडून ठेवतो, कारण कारखान्याच्या कार्यालयातही तोच निघाला: दोन गिगाबिट पोर्ट जोडले म्हणून एका मशिनला दोन गिगाबिट मिळत नाहीत. या पद्धतीत एक व्हर्च्युअल मशीन एका वेळी एकाच पोर्टवर असते. दहा मशिन असतील तर ती दोन पोर्टांवर विभागली जातात, एवढाच ‘बॅलन्सिंग’चा अर्थ. विभागणी संख्येची, वजनाची नव्हे.

४ जून

केबलिंग. जुन्या पॅच कॉर्ड काढल्या तर कनेक्टरच्या धातूच्या पट्ट्यांवर हिरवट थर. हे कपाट शीतगृहाच्या बाहेरच्या खोलीत आहे, दार उघडले की थंड हवा येते आणि दमट खारी हवा त्यावर घाम धरते. जागेवर क्रिंप केलेल्या कॉर्ड सगळ्यांत वाईट होत्या. साफ करून पुन्हा वापरण्याचा प्रयत्न दोन कॉर्डवर केला. एक लागली, दुसरी लागली पण १०० मेगाबिटवर.

हे नीट समजून घ्यावे. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोन पुरतात. उरलेल्या दोनपैकी एक जोडी गंजली की लिंक बहुतेक वेळा पडत नाही, खालच्या वेगावर उतरते. फेलओव्हर बघतो तो लिंक आहे की नाही एवढेच. वेग एक दशांश झाला तरी त्याच्या दृष्टीने सगळे ठीक. दिवा हिरवा, काम कासवाचे. म्हणून जुनी एकही कॉर्ड परत लावली नाही. कारखान्यात बनलेल्या १२ नव्या घेतल्या: होस्टच्या ८, अ आणि ब यांच्यामधल्या २, स्टोरेजच्या २. प्रत्येक लिंक किती वेगावर लागली ते वहीत लिहून ठेवले. न वापरलेल्या पोर्टांत रबरी बुचे. केबल कपाटात शिरण्याआधी खाली झोळ देऊन मग वर घेतल्या, म्हणजे पाणी ओघळले तर झोळाच्या तळाशी टपकते, कनेक्टरात जात नाही.

५ जून

आजची चूक सर्वांत महाग पडली.

रात्रीची बॅकअप प्रत फार वेळ घेते, ती दोन पोर्टांवरून जावी अशी मागणी होती. त्यासाठी वाटपाची पद्धत बदलून ‘आयपी हॅश’ केली. पहिल्या मिनिटाला काहीच झाले नाही. मग काही संगणकांना सर्व्हर दिसेना, काहींना दिसे, आणि तोच संगणक पाच मिनिटांनी उलट सांगू लागला. दोन्ही स्विचच्या लॉगमध्ये एकच मॅक पत्ता (मशीनची नेटवर्कवरची ओळख) कधी सर्व्हरच्या पोर्टवर, कधी अ-ब मधल्या दुव्यावर, असा उड्या मारताना दिसत होता.

कारण सरळ आहे. आयपी हॅशमध्ये एकच मशीन वेगवेगळ्या पत्त्यांशी बोलताना वेगवेगळे पोर्ट वापरते. समोरच्या स्विचने ते दोन्ही पोर्ट एकच मोठा पोर्ट मानले पाहिजेत, म्हणजे त्या बाजूला स्टॅटिक चॅनेल हवे. आणि अशा साध्या स्विचमध्ये चॅनेल एकाच स्विचवर किंवा एका स्टॅकवरच होते. आपले दोन स्विच वेगळे. एलएसीपीचा (चॅनेल दोन्ही बाजूंनी बोलून आपोआप बांधण्याचा) मार्गही बंद, कारण स्टँडर्ड व्हर्च्युअल स्विचला एलएसीपी येत नाही. या मांडणीत आयपी हॅश बसतच नाही. बसवायचे तर दोन्ही केबल एका स्विचमध्ये न्याव्या लागतील, म्हणजे मे महिन्यातलीच परिस्थिती.

परत फिरवताना मॅनेजमेंटचा संपर्क तुटला. होस्टला मॉनिटर-कीबोर्ड लावून पिवळ्या-करड्या पडद्यावरून नेटवर्क रीस्टोअर करावे लागले. त्यानंतरही पिंग (पोचतो का हे बघायचा छोटा संदेश) अर्धवट. तासभर शोधल्यावर सापडले: व्हर्च्युअल स्विचवरची पद्धत परत बदलली होती, पण एका पोर्ट ग्रुपवर (व्हर्च्युअल स्विचमधला, मशिन जोडायचा गट) ‘ओव्हरराइड’ची खूण राहिली होती आणि तिथे आयपी हॅश तसाच होता. पोर्ट ग्रुपवरची ओव्हरराइड स्विचच्या सेटिंगला जुमानत नाही. काहीही बदलल्यावर प्रत्येक पोर्ट ग्रुप उघडून बघावा, फक्त स्विच बघून थांबू नये.

गेलेला वेळ: ३ तास ४० मिनिटे. बॅकअप रात्री दोन तास आधी सुरू केली, तो प्रश्न तेवढ्यावर मिटला.

७ जून

मृग लागला, दुपारपासून पाऊस. पोर्टवार वाटप कसे झाले ते ईएसएक्सटॉप या ईएसएक्सआयच्या निरीक्षण साधनाच्या नेटवर्क पडद्यावर पाहिले (एन दाबले की येतो; कुठले मशीन कुठल्या पोर्टवर आहे हे त्यातल्या टीम-पीनिक या रकान्यात). पहिल्या होस्टवर सात मशिन, चार निक ० वर, तीन निक २ वर. मोजणीला छान. पण कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग आणि काट्याचा डेटाबेस, दोन सर्वांत जड मशिन, एकाच निकवर. मशीन बंद करून चालू केले की व्हर्च्युअल पोर्ट बदलतो आणि निकही बदलू शकते, तेव्हा ती नशिबाने वेगळी होतीलही, पण नशिबावर सोडण्यासारखी ही गोष्ट नाही. खरा भार बघून हलवणारी पद्धत (३० सेकंद सरासरी ७५ टक्क्यांवर गेली की हलवते) फक्त डिस्ट्रिब्युटेड स्विचवर असते.

म्हणून हाताने वाटले. काट्याच्या पोर्ट ग्रुपवर ओव्हरराइड करून निक ० ॲक्टिव्ह, निक २ स्टँडबाय. कॅमेऱ्याच्या पोर्ट ग्रुपवर उलटे. मॅनेजमेंट ० वर, व्हीमोशन २ वर, दोघांचा स्टँडबाय एकमेकांचा. बाकीच्या हलक्या मशिनना दोन्ही ॲक्टिव्ह. रोजच्या दिवशी दोन्ही दोऱ्यांवर ओझे, आणि एक तुटली तर सगळे दुसरीवर.

८ जून

स्टोरेज. इथे टीमिंगचा (पोर्टांची जोडी लावण्याचा) नियम उलटा आहे. आयस्कझीचे (नेटवर्कवरून स्टोरेज वापरण्याची पद्धत) दोन व्हीएमकर्नल पोर्ट (होस्टचे स्वतःचे नेटवर्क पोर्ट) केले. पहिल्याला निक १ ॲक्टिव्ह, दुसऱ्याला निक ३. उरलेली निक ‘स्टँडबाय’ ठेवली होती, तर पोर्ट बाइंडिंगच्या (आयस्कझीला पोर्ट बांधून देण्याच्या) यादीत ते पोर्ट येईनात. ती ‘अनयूज्ड’मध्ये टाकल्यावर आले. हा हट्ट बरोबर आहे: स्टोरेजचे फेलओव्हर मल्टिपाथिंग करते, ते दोन स्वतंत्र वाटा धरून चालते. खालून टीमिंगने गुपचूप दुसऱ्या निकवर नेले तर दोन्ही वाटा एकाच केबलवरून जातील आणि वरच्या थराला कळणारही नाही.

मग जंबो फ्रेम (९००० बाइटपर्यंतची मोठी फ्रेम). साधा पिंग दोन्ही वाटांनी जातो, पण स्टोरेजवर मोठी फाइल टाकली की एक वाट लटकते. ८९७२ बाइटचा, तुकडे न करण्याच्या अटीवरचा पिंग दोन्ही वाटांनी वेगवेगळा पाठवला (९००० मधून आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ वजा). अ मधून गेला, ब मधून नाही. स्विच ब वर मोठ्या फ्रेमचे सेटिंग केलेले होते, पण ते रीबूटनंतर लागू होते आणि रीबूट केलेला नव्हता. दोन तास.

१० जून

चाचण्या. काट्याच्या आणि तापमानाच्या मशिनला दर सेकंदाला पिंग लावून ठेवला.

निक ० ची केबल उपटली: काट्याचा एक पिंग हरवला. स्विच अ ची वीज काढली: दोन हरवले. इथवर समाधान वाटते आणि बहुतेक जण इथेच थांबतात.

मग स्विच अ ची वीज परत दिली, आणि ३४ पिंग सलग हरवले.

जाताना काही बिघडत नाही, परतताना बिघडते. स्विच उठला की पोर्टचा दिवा लागतो. होस्टला लिंक दिसली, फेलबॅक (मूळ वाटेवर आपोआप परतणे) ‘हो’ असल्यामुळे त्याने मशिन लगेच निक ० वर आणली. पण स्विचचा तो पोर्ट अजून स्पॅनिंग ट्रीच्या (नेटवर्कमध्ये लूप, म्हणजे गोल फेरा, होऊ न देणाऱ्या व्यवस्थेच्या) रांगेत: १५ सेकंद ऐकणार, १५ सेकंद शिकणार, मग वाहतूक सोडणार. आरएसटीपी (स्पॅनिंग ट्रीची जलद आवृत्ती) असूनही असेच होते, कारण त्याचा झटपट होकार समोर स्विच असेल तरच मिळतो; व्हर्च्युअल स्विच स्पॅनिंग ट्री बोलत नाही, तो उत्तर देत नाही, म्हणून पोर्ट पूर्ण ३० सेकंद थांबतो. चांगल्या चाललेल्या वाटेवरून मशिन उचलून बंद दारासमोर ठेवली गेली.

दोन उपाय, दोन्ही केले. सर्व्हरकडे जाणारे पोर्ट ‘एज’ (पुढे स्विच नाही असे धरून न थांबता उघडणारे) केले. ट्रंक पोर्टसाठी (एकाच केबलवरून अनेक व्हीलॅन, म्हणजे वेगळी आभासी नेटवर्क, नेणारा पोर्ट) हे सेटिंग वेगळे असते, साधे एज लावले तर ट्रंकवर ते गप्प राहू शकते. अ-ब मधल्या दुव्याला चुकूनही एज लावू नये. व्हर्च्युअल स्विच एका अपलिंकवरून आलेले दुसऱ्यावर सोडत नाही, त्यामुळे सर्व्हरच्या बाजूने लूपची भीती नाही. दुसरा उपाय, फेलबॅक ‘नाही’. पुन्हा चाचणी: परतताना एकही पिंग हरवला नाही.

फेलबॅक ‘नाही’ची किंमतही आहे. स्विच सुधारला तरी मशिन ब वरच राहतात, भार एकीकडे. होस्ट रीस्टार्ट होताना ब ची लिंक आधी लागली तर स्टँडबायच कामाला लागतो आणि तिथेच बसतो. परत आणायचे तर शांत वेळी फेलबॅक ‘हो’ करावे, मशिन हलली की पुन्हा ‘नाही’. ही चिठ्ठी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. आपल्याकडे पावसाळ्यात लाइट दहा मिनिटांत तीनदा जाते-येते. तिथे दर वेळी इकडून तिकडे उड्या मारण्यापेक्षा एका बाजूला स्थिर राहिलेले बरे.

याच चाचणीत तापमाननोंदीचे मशीन निक ० तुटल्यावर जवळपास पाच मिनिटे दिसेना, बाकी सगळी ठीक. त्याच्या पोर्ट ग्रुपवर जुन्या काळातली ओव्हरराइड होती, ‘नोटिफाय स्विचेस: नाही’. मशीन नव्या पोर्टवर गेले की होस्ट त्याच्या नावाने एक आरएआरपी फ्रेम सोडतो आणि स्विचना नवा ठिकाणा कळतो. ती सुटलीच नाही. स्विच ब च्या तक्त्यात ते मशीन अजून ‘अ कडे’ होते, त्यामुळे अ ने सगळीकडे पसरवलेली फ्रेमही ब कडे आली की तिथेच टाकली जाई. स्वतःहून बोलणारे मशीन पहिल्याच फ्रेमला सापडते. हे मशीन नुसते ऐकणारे, म्हणून तक्त्यातली ३०० सेकंदांची मुदत संपेपर्यंत हरवलेले. सेटिंग ‘हो’ केले. हे ‘नाही’ ठेवायची गरज मायक्रोसॉफ्टच्या युनिकास्ट एनएलबी (अनेक सर्व्हरांत भार वाटणारी सोय) यासारख्या ठिकाणीच असते, इथे तसे काही नाही.

११ जून

कॅमेऱ्याचे मशीन ब वर उत्तम, अ वर नेले की मुके. स्विच अ च्या ट्रंक पोर्टवर कॅमेऱ्यांचा व्हीलॅन परवानगीच्या यादीत नव्हता. रोज ते ब वरच असते म्हणून कधीच कळले नसते, कळले असते ते ब जळल्या दिवशी. दीड तास गेला, कारण आधी संशय व्हर्च्युअल स्विचवर घेतला. यानंतर प्रत्येक पोर्ट ग्रुप, प्रत्येक निक असा तक्ता करून एकेक घर तपासले. कंटाळवाणे आहे, पण दुसरा मार्ग नाही.

१२ जून

अ आणि ब यांच्यामधला दुवा तोडला. सर्व्हरचे सगळे दिवे हिरवे, आणि निक २ वरची सगळी मशिन प्रक्रिया हॉलमधून गायब. हॉलमधला स्विच फक्त अ ला जोडलेला होता. फक्त लिंक बघणाऱ्या ‘लिंक स्टेटस ओन्ली’ला स्वतःच्या केबलपुढचे काही दिसत नाही.

बीकन प्रोबिंगचा (निकांनी एकमेकींना चाचणीचे संदेश पाठवण्याचा) विचार झाला आणि सोडला. दोन निक असताना एकीचा बीकन दुसरीला पोचला नाही तर दोष कोणाचा हे ठरवता येत नाही, मग होस्ट दोन्हीकडून पाठवत सुटतो. तिसरी निक हवी, ती स्टोरेजमधून काढावी लागली असती.

म्हणून दुरुस्ती सर्व्हरबाहेर केली. अ-ब मध्ये दोन केबल, एलएसीपीने बांधलेल्या (दोन खऱ्या स्विचमध्ये हे चालते), एकमेकींपासून वेगळ्या वाटेने. हॉलच्या स्विचपासून ब पर्यंत ४५ मीटरची नवी केबल. जास्तीची वाट आरएसटीपी रोखून धरतो आणि गरज पडली की उघडतो. राउटर अ वरच राहू दिला. अ गेला तर इंटरनेट जाईल, काटा चालू राहील, एवढे मान्य.

दोन्ही स्विच एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर होते हेही आज लक्षात आले. ब साठी वेगळा यूपीएस.

१५ जून

काल रात्री वादळ झाले. स्विच अ ज्या जुन्या यूपीएसवर आहे त्याची बॅटरी टिकली नाही, अ तीनदा बंद-चालू झाला. पिंगच्या नोंदीत पहिल्या वेळी दोन हरवलेले, पुढच्या दोन वेळी एकही नाही, कारण मशिन तोवर ब वर गेलेली आणि तिथेच थांबलेली. सकाळी चिठ्ठीप्रमाणे परत आणली. यूपीएसची बॅटरी मागवली.

१६ जून

दुसरा होस्ट. वहीतला तक्ता समोर ठेवून दोन तासांत झाला. पोर्ट ग्रुपची नावे अक्षरशः तीच ठेवली. लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांचा फरक पडला तरी व्हीमोशन अडते. त्याच्याही सगळ्या चाचण्या, स्विच बंद करून परत चालू करण्यासकट.

खर्च: दोन पोर्टची दोन कार्डे १२,८०० रुपये, दुसरा स्विच १७,५००, १२ पॅच कॉर्ड २,२८०, ४५ मीटर केबल १,७१०, कॉन्टॅक्ट क्लीनर ४५०, यूपीएस ७,८००. एकूण ४२,५४०. बॅटरी यात नाही.

वाया गेलेला वेळ: पोर्ट ओळखणे ४ तास, आयपी हॅश ३ तास ४० मिनिटे, जंबो फ्रेम २ तास, व्हीलॅन दीड तास. मिळून ११ तास १० मिनिटे.

बाकी राहिलेले: अ च्या यूपीएसची बॅटरी बदलणे. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, होड्या समुद्रात जाण्याआधी, सगळ्या लिंकचे वेग पुन्हा वहीशी ताडून बघणे आणि दोन्ही स्विच एकेकदा बंद-चालू करणे. कनेक्टर उघडून बघायचे पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरात.